बावीचे वाटेकरी

सगुणा तोडणकरला या व्यवहारात काय मिळायचं होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे ती जशी वागली ते शहाणपणाचं की खुळेपणाचं, हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

मिळायच्या होत्या सुरूबन सोसायटीतल्या तिसेक गाड्या, वर्षभरासाठी, एकाच फाटकाच्या आत. आज लांज्याला नवरदेवाची गाडी, उद्या संगमेश्वरला कुणा डॉक्टरची, अशी पाण्याची टाकी पाठीवर घेऊन चाललेली वणवण थांबणार होती. टेम्पो उभा करायला बदामाची सावली मिळणार होती. दुसरंच काही बोलता बोलता "सुरूबनच्या गाड्या आमच्याकडे असतात" असं सहज म्हणायची सोय होणार होती, आणि रत्नागिरीत ही सोय कुणी लहान समजू नये. शेवटचा लाभ म्हणजे धाकट्या जावेचं तोंड मिटणार होतं. सगुणाने टेम्पो घेतला त्या दिवशी ती शेजारणीला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाली होती, "आमच्या जाऊबाई आता लोकांच्या गाड्यांना न्हाऊमाखू घालणार."

न्हाऊमाखू हा शब्द तसा चुकीचा नव्हता. आंब्याच्या दिवसांत इथल्या गाडीची काय दशा होते ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत. वरून काजूचा चीक, खालून तांबडी माती, आणि डिकीत कधीतरी पिशवी फुटून सांडलेलं मासळीचं पाणी. मालक चार महिने तो वास अत्तराच्या बाटल्यांनी दाबतो, आणि मग सगुणाला फोन करतो. ती डिकीचं गालिच्यासारखं अस्तर सोलून काढते, धुते, वाळवते, पुन्हा बसवते. आरशात भांग पाडता येईल असा पत्रा चमकवून देते. हे सगळं करणारे रत्नागिरीत आणखीही होते. सगुणाचा तोरा वेगळ्याच गोष्टीचा होता. बाकीचे गाडी धुऊन जात. सगुणा गाडी धुऊन पाणीही घेऊन जाई.

ही रीत तिला नवऱ्यामुळे कळलेली. अनिल जहाजावर असतो. एकदा फोनवर तो इंजिनखोलीतल्या तेलकट पाण्याबद्दल कुरकुरत होता, की ते समुद्रात सोडता येत नाही, टाकीत साठवून बंदरात उतरवावं लागतं. सगुणा म्हणाली, "एवढा समुद्र पडलाय आणि बादलीभर पाण्याचा हिशेब मागतात?" अनिल म्हणाला, "समुद्र पडलाय म्हणूनच मागतात." ते वाक्य तिने उचललं आणि धंद्याला लावलं. जाड रबरी कापडाची, चारी बाजूंनी हवेने फुगवलेल्या किनारीची एक चटई करून घेतली. गाडी तिच्यावर चढवायची, आतल्या आत धुवायची, खाली साठलेलं पाणी पंपाने ओढून टेम्पोतल्या दुसऱ्या टाकीत घ्यायचं. लोक त्या चटईला परात म्हणू लागले. गाडीला परातीत बसवून आंघोळ घालते म्हणून आधी हसले, मग आपल्याच अंगणात फेस राहत नाही हे बघून गप्प झाले. घरामागे सगुणाने एकापुढे एक हौद बांधले होते. एकात गाळ बसे, दुसऱ्यात तेल वर येई, तिसऱ्यात नारळाची सोडणं, कोळसा आणि वाळू यांतून पाणी गाळून निघे. ते पुन्हा चाकं धुवायला कामी येई. तेलाचा थर ती गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलात घाली, गाळ नगरपालिकेच्या गाळगाडीकडे देई.

"माझं पाणी मी घेऊन जाते," असं ती गिऱ्हाइकाला सांगे, आणि सांगताना तिची मान जरा वर जाई.

सुरूबनला नेमकं हेच हवं होतं. ही सोसायटी भाट्याच्या वरच्या अंगाला, सड्यावर. सडा म्हणजे उघडा जांभा, वर वीतभर माती. उताराखाली जुनी वाडी, आणि वाडीला पाणी पाजणारी एकच विहीर. वाडीतली माणसं तिला बाव म्हणतात. दोन वर्षांपूर्वी सुरूबनने कुणा पाइपवाल्याकडून गाड्या धुऊन घेतल्या, तेव्हा फेसाचा ओहोळ फाटकाबाहेरून थेट वाडीच्या पायवाटेवर उतरला होता. वाडी वर चढून आली होती. मग नगरपालिकेचा माणूस आला, नोटीस आली आणि फाटकावर पाटी लागली: गाडी धुतलेलं पाणी फाटकाबाहेर जाता कामा नये. तेव्हापासून सुरूबनमधल्या पांढऱ्या गाड्या विटकरी दिसत होत्या.

सगुणाचं नाव निघालं तेव्हा कमिटीने वाडीशी बोलून तोड काढली. चार रविवार सगुणाने गाड्या धुवाव्यात. पाचव्या रविवारच्या आत वाडीच्या भागोजीने हो म्हटलं तर वर्षाचं काम तिचं, नाही म्हटलं तर परात गुंडाळायची. भागोजी वाडीतला सगळ्यात मोठा माणूस, वयाने आणि शब्दानेही. बावीच्या बाबतीत तो म्हणेल ते शेवटचं.

पहिले तीन रविवार भागोजी स्वतः वर आला. फाटकाबाहेर दगडावर बसून राही. फाटकाखालची जमीन सुकी आहे ना, ते काठी टेकवून बघे. तिसऱ्या रविवारी जाताना म्हणाला, "बरा हाय गो तुजा काम." एवढं बोलणं भागोजीच्या मानाने भाषणच होतं. सगुणाचा दीर विनोद, जो टेम्पो चालवायचा, त्याने ते वाक्य परतीच्या वाटेवर चारदा म्हणून दाखवलं.

आता अडचण. ती बाहेरून आली नाही, फाटकाच्या आतूनच आली, आणि ज्यांनी पाटी रंगवून घेतली त्यांच्याच हातून आली.

सोसायटीचे अध्यक्ष आप्पा शेट्ये. जन्मभर एस.टी.त वेळापत्रकं लावलेली, त्यामुळे कुठली गोष्ट कुठून सुटते आणि कुठे पोचते याची त्यांना खात्री असे. तळमजल्यावर राहत, आणि खिडकीसमोर त्यांनी स्वतः लावलेला माड होता. नुकता नारळ धरू लागलेला. आप्पांचं बालपण ज्या घरात गेलं तिथे न्हाणीचं पाणी मागच्या माडाला, भांड्यांचं पाणी अळवाला, तांदूळ धुतलेलं गुरांना. पाणी नुसतं वाहून नेणारं माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वैशाखाच्या तोंडावर, नळाला एक दिवसाआड पाणी येत असताना, सगुणा टाकी भरभरून पाणी घेऊन जाते हे त्यांना बघवेना.

पहिल्या रविवारी ते म्हणाले, "सगुणा, एवढं पाणी नेऊन करतेस काय? आमच्या माडाला लाव की."

"आप्पा, ह्या पाण्यात तुमच्या गाडीचं ग्रीस आहे. माडाला ग्रीस घालून त्याला काय फिरवायचाय?"

दुसऱ्या रविवारी म्हणाले, "साबणाचं पाणी माडाला चांगलं. आमची आई न्हाणीचंच घालायची."

"तुमच्या आईने न्हाणीत कधी इंजिन धुतलं होतं काय?"

तिसऱ्या रविवारी ते काही बोलले नाहीत. सगुणाला वाटलं, पटलं. आप्पा गप्प बसले म्हणजे वेळापत्रक लागतंय, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक?

चौथा रविवार. शेवटची गाडी आप्पांची. आज इंजिनही धुवायचं होतं. आप्पांनी सुचवलं, गाडी इथे नको, तिकडे घे, माडाच्या अंगाला, सावली आहे. सगुणाने घेतली. परातीपासून माडाच्या आळ्यापर्यंत वीतभर रुंदीचा एक नीट पाट खणलेला तिला दिसला. पावसाची तयारी, असं तिने धरलं. इंजिन धुऊन झालं, वरून शाम्पू झाला, परात पाऊल बुडेल इतकी भरली. विनोद पंपाला डिझेल आणायला गेला, तो आप्पांनीच पाठवला म्हणून. तेवढ्यात काशीकाकू, म्हणजे आप्पांची बायको, दारात आल्या.

"सगुणा, ये गो. चहा ठेवलाय, घावणे आहेत. हे म्हणाले, पोर सकाळपासून उन्हात आहे, तिला आत बोलाव."

काशीकाकूंच्या हातचे घावणे जाळीदार असत, आणि सगुणा सकाळपासून उपाशी होती. ती आत गेली. दुसरा घावणा हातात आणि चहा अर्धा असताना तिला बाहेरून एक आवाज आला. फुगवलेल्या किनारीचं बूच काढलं की जो फुस्स आवाज येतो तो. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. चहा तसाच ठेवून ती उठली.

बाहेर परातीची एक बाजू खाली बसली होती. आप्पा पाटाशी खुरपं घेऊन उभे होते आणि आळ्यात पाणी नव्हतं. नुसता ओला गाळ, वर फेसाची कड. कातळाने सगळं एका घोटात घेतलं होतं.

"आप्पा, हे काय केलंत?"

"कुठे काय? पाणी फाटकाच्या आत आहे. पाटीवर काय लिहिलंय? फाटकाबाहेर जाता कामा नये. गेलंय?"

"जांभा सगळा भोकाभोकांचा असतो. त्याला तुमचं फाटक कुठंय ते माहीत नाय."

"तू उगाच घाबरतेस. माड पिऊन टाकील."

विनोद डिझेल घेऊन आला तसा सगुणाने पंप लावला. उरलेलं पाणी तिने ओढून घेतलं, आळ्यातली वरची माती फावड्याने काढून पोत्यात भरली, तीही टेम्पोत टाकली. आप्पांना ते जरा लागलं, कारण ती माती त्यांनी आंब्याखालून आणलेली होती.

परत जाताना तिने वाडीच्या वळणावर टेम्पो थांबवायला सांगितला. विनोद म्हणाला, "वहिनी, कशाला? भागोजी आज हो म्हणायच्या बेतात आहे. आपण होऊन तोंड कशाला उघडायचं?"

"पाणी कोणाचं?"

"तुझं. पण सोडलं आप्पांनी."

"मग माझंच ना. थांबव."

बावीचं पाणी त्या वेळी काचेसारखं होतं. भागोजी घरी नव्हता, मुंबईहून येणाऱ्या नातवंडांना घ्यायला स्टेशनवर गेला होता. सगुणाने त्याच्या सुनेला सांगितलं, बावीवर नजर ठेव, मी सकाळी येते. सून म्हणाली, काय झालं? सगुणा म्हणाली, "माझं थोडं पाणी वर जिरलंय. खाली आलं तर मला कळायला हवं."

विनोद टेम्पोत डोकं धरून बसला होता. "गेलं काम," एवढंच म्हणाला.

सकाळी ती पोचली तेव्हा बावीवर बायका हंडे कमरेला लावून उभ्या होत्या, आणि कुणीही पोहरा सोडत नव्हतं. वरच्या अंगाच्या झऱ्याखाली, पाण्यावर मोरपिसासारखा रंग पसरला होता. कडेला फेसाचे दोन-चार बुडबुडे, अगदी साळसूद दिसणारे. भागोजी काठावर काठी टेकून उभा होता.

वरून कमिटीही उतरली. तिघे, आणि पुढे आप्पा, पायात पॉलिश केलेले बूट. वाडीत यायचं म्हणून नव्हे, बूट त्यांचे रोजच तसे असत.

"काल तुजी सून मला फोनवर बोलली," भागोजी सगुणाला म्हणाला. सून त्याची होती, पण रागाने त्याने ती सगुणाला देऊन टाकली. "तू सांगून गेलीस म्हून मी अजून बोलत नाय. आता तू बोल."

आप्पा घसा खाकरून पुढे झाले. "हे बघा भागोजी, पाण्याची व्यवस्था करणं ही पूर्णपणे काम घेणाऱ्याची जबाबदारी. सोसायटीने तसं पहिल्या दिवशीच स्पष्ट केलेलं आहे."

विनोदच्या तोंडून काहीतरी निघणार होतं. सगुणाने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

तिला इथे दोन वाटा होत्या आणि दोन्ही तोट्याच्या. आप्पांचं नाव घ्यावं, तर अध्यक्षाला वाडीसमोर उघडं पाडणारी बाई कोणती सोसायटी ठेवील? नाव न घ्यावं, तर वाडी नाही म्हणणार. म्हणजे काम दोन्हीकडून गेलंच होतं. उरला होता फक्त तोरा. तो तिने ठेवून घेतला.

"पाणी माझं आहे," ती म्हणाली. "माझं पाणी मी घेऊन जाते असं मी सगळ्या गावात सांगते. काल थोडं राहिलं. ते खाली आलं."

"ऱ्हायलं कसं?"

"परात भरलेली असताना मी चहा प्यायला आत गेले. ती चूक माझी."

आप्पांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. बावीवर तशी सावली होती.

"मंग आता?" भागोजीने विचारलं.

"आता बाव उपसायची. माझा पंप आहे, टाकी आहे. वरचं तेलकट मी सोडणांनी टिपून घेते, मग सगळं पाणी टाकीतून नेते, हव्या तेवढ्या खेपा करीन. तुम्ही नाय तरी पावसाच्या आधी उपसताच, ते आज करू. तोवर प्यायचं पाणी माझ्या चांगल्या टाकीतून येईल. आणि काम मला द्यायचं की नाय ते मग बघा. हे मी कामासाठी करत नाय."

भागोजीने मान हलवली. "पंपानं पानी निघंल. गाळाला मानसं लागतील. आनि उपसायच्या आधी नारळ लागंल."

बावीला नारळ दिल्याशिवाय तिच्यात पाय घालायचा नाही, ही वाडीची रीत. नारळ आणायला कुणीतरी घराकडे वळलं, तेवढ्यात उतारावरून काशीकाकू आल्या. पदर खोचलेला, हातात न सोललेला नारळ.

"हा घ्या," त्या म्हणाल्या. "आमच्या माडाचा आहे. काल ह्यांनी त्याला इंजिनाचं पाणी पाजलं, तेव्हा नारळ त्याचाच असू दे."

आप्पा म्हणाले, "अगं, तू घरी..."

"मी घरीच होते. म्हणून तर कळलं. पोर उन्हात आहे, आत बोलाव, म्हणालात. मला वाटलं, ह्यांना माया फुटली. चाळीस वर्षांत कुणाला आत बोलाव म्हणाला नव्हतात, तेव्हाच मला समजायला हवं होतं. माझा चहा तुम्ही गळाला लावलात. माझे घावणे. ही पोर आता सगळ्यांसमोर म्हणते, चहा प्यायला गेले ती माझी चूक. म्हणजे उद्यापासून माझ्या घरी चहा पिणं ही चूक?"

कुणी हसलं नाही, पण हंडे कमरेवर जरा हलले. कमिटीतल्या दोघांनी आकाशाकडे बघितलं. आप्पांनी पाण्यावरच्या मोरपिसाकडे बघितलं. मग म्हणाले, "बूच मी काढलं. पाणी वाया जाऊ नये, एवढाच माझा हेतू होता."

"वाया नायच गेलं," भागोजी म्हणाला. "आमच्याकडं आलं."

तो नारळ घेऊन त्याने हातात फिरवून बघितला, आणि सगळे तो काय बोलतो याची वाट बघत राहिले. भागोजीला अशी वाट बघायला लावणं आवडत असे.

"आमच्या बावीचा कायदा जुना हाय," तो म्हणाला. "ज्याचं पानी बावीशी लागलं, तो बावीचा वाटेकरी. वाटेकऱ्यानं वर्साला घरटी एक मानूस गाळ काडायला द्यायचा. सबब चालत नाय. मुंबयवाला असंल तर त्यानं रजा काडून यायचं, माजा पोरगा येतो. तुमी वर ऱ्हायला आल्यापासून आमी तुमाला कदी बोलावलं नाय. आमाला वाटलं, तुमचा आमचा पानी येगळा. काल कळलं, एकच हाय."

"पण आम्ही नळाचं पितो," कमिटीतला एकजण म्हणाला.

"पिता तुमी नळाचं. सोडता आमच्यात."

यावर वेळापत्रकात काही सापडेना. आप्पा बावीच्या दगडावर बसले आणि त्यांनी बुटांचे बंद सोडायला घेतले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एक बूट निघाला, दुसऱ्याची गाठ बसली. काशीकाकूंनी वाकून ती सोडवली, आणि सोडवताना काय पुटपुटल्या ते फक्त आप्पांना कळलं.

नारळ फुटला. सगुणाने सोडणांचे गठ्ठे दोरीला बांधून पाण्यावर फिरवले. रंग त्यांना चिकटून येई, ती पिळून बादलीत घेई, पुन्हा सोडी. जहाजावर सांडलेलं तेल असंच टिपतात, असं तिने विनोदला सांगितलं. हे तिला अनिलने सांगितलं होतं की तिने आत्ताच ठरवलं, ते नक्की नाही. पाण्यावरचा रंग फिका होत होत गेला. मग पंप लागला. टाकी भरली की विनोद टेम्पो घेऊन घराकडच्या हौदांकडे जाई, येताना प्यायचं पाणी घेऊन येई. गेलं काम म्हणणारा हाच माणूस आता वळणावर हॉर्न वाजवत उतरत होता.

वर फोन गेले. सोमवार होता, निम्मी सोसायटी कचेऱ्यांत. तरी जे होते ते उतरले. बँकेतल्या बाईंनी अर्धी रजा टाकली. कुणी जिमचे बूट घालून आलं, त्याला भागोजीने परत पाठवून अनवाणी आणवलं. दुपारपर्यंत बावीच्या पायऱ्यांवर एक रांग लागली होती, वाडीचा एक, सुरूबनचा एक, अशी. गाळाची घमेली हातोहात वर येत होती. आप्पा चौथ्या पायरीवर. पहिल्या तासात त्यांच्या तळहातांची साल निघाली. दुसऱ्या तासात त्यांनी रांगेचं वेळापत्रक लावलं, कोणी किती घमेल्यांनंतर पायरी बदलायची ते. भागोजीने ते ऐकलं, हो म्हटलं, आणि कुणीही ते पाळलं नाही.

संध्याकाळच्या सुमारास तळाचा कातळ दिसला, आणि वरच्या अंगाच्या झऱ्यातून पाणी पुन्हा यायला लागलं. सगुणा शिडीवरून खाली उतरली. पहिलं पाणी तिने ओंजळीत घेतलं, वास घेतला, बोटांवर चोळून बघितलं, पुन्हा वास घेतला. मग ओंजळ पिऊन टाकली. वर उभ्या बायका बघत होत्या. एकीने पोहरा सोडला. मग दुसरीने.

"आमची बाव भरायला किती वेळ घेते?" आप्पांनी वरून विचारलं. आमची हा शब्द कधी तोंडात बसला ते त्यांनाही कळलं नव्हतं. चिखलाने माखलेले, धोतरासारखी पँट गुडघ्यावर गुंडाळलेली, आणि चेहऱ्यावर नवीन मार्ग सुरू केल्यासारखा भाव.

"सकाळपातूर," भागोजी म्हणाला. मग सगुणाकडे वळला. "गाड्या तूच धू. दुसरा कोन नको."

सगुणाची मान वर गेली, तेवढंच.

"पन एक अट हाय," भागोजी म्हणाला. "परात भरलेली असताना चहा पियाला जायचा नाय."

"चहा मीच परातीपाशी आणून देईन," काशीकाकू म्हणाल्या. "कुणाला आत बोलवायलाच नको."

घरी जाताना टेम्पोत दोघंही चिखलाने गळत होती. विनोदने वाडीचं वळण मागे टाकलं. मग म्हणाला, "वहिनी, एक सांग. ह्या सगळ्याची किंमत भरली कोणी?"

सगुणाने खिडकीतून हात बाहेर काढून वाळलेला गाळ झटकला आणि हिशेब मांडला. त्यात पुढे गणपतीपर्यंत भर पडत गेली, पण तो अजून कुणी खोडलेला नाही.

वाडीने एका दिवसाचं पाणी भरलं. सुरूबनने दर वर्षी पावसाआधी घरटी एक माणूस द्यायचं कबूल केलं, आणि तेही भरताना इतकी ऐट आली की फाटकावरची पाटी आता बदललीय. "गाडी धुतलेलं पाणी जमिनीत जिरवू नये, खाली आपली बाव आहे," असं तिच्यावर आहे. आप्पांनी तळहातांची साल भरली, आणि फाटकाच्या आतबाहेरचा आपला मुद्दा भरला, जो त्यांना सालीपेक्षा जास्त लागला. काशीकाकूंनी एक नारळ दिला. सगळ्यात जास्त भरलं माडाने, ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला होता. त्याने पाऊस लागायच्या आत सगळी कोवळी बोंडं टाकली, आणि त्या गणपतीत आप्पांच्या घरी नारळ बाजारातून आला. जावेने काय भरलं ते नक्की सांगता येत नाही, पण गणपतीला आलेल्या माहेरच्या माणसांना ती सांगत होती, "सुरूबनच्या गाड्या आमच्याकडे असतात."

आणि सगुणाने भरला अर्धा कप चहा, जो ती टाकून उठली होती. पुढच्या रविवारी काशीकाकूंनी तो परातीच्या काठाशी उभं राहून पूर्ण भरून दिला, वर दोन घावण्यांसह. तेवढाही तिच्या खात्यातून वजा.